भिंत पडली, आणि परक्या माणसाचं काय झालं?

प्रश्न: पूर्व युरोपात कम्युनिझम कोसळतानाच्या दोन-तीन कादंबऱ्या वाचल्या. सगळीकडे निवेदक बाहेरचा, इंग्लिश शिकवणारा मास्तर नाहीतर पत्रकार. तो सगळं बघतो, प्रेमात पडतो आणि शेवटी पासपोर्ट घेऊन सुखरूप घरी. मला त्याच्याबद्दल काही वाटतच नाही. मलाही या काळावर कथा लिहायचीये आणि निवेदक परकाच हवाय. काय करू?

उत्तर: तक्रार अगदी पटली. असा निवेदक लेखकाच्या सोयीचा असतो, रांगा, पाळत, कुजबुज सगळं त्याला नवीन त्यामुळे वाचकालाही आपोआप कळत जातं, पण त्याचं पणाला काहीच लागलेलं नसतं.

मी म्हणेन दुसरा परका घ्या. १९८० च्या करारानंतर पूर्व जर्मनीने व्हिएतनामहून कामगार आणले, १९८९ पर्यंत ते साधारण ६० हजार झाले होते, मोझांबिक, क्यूबा, अंगोलाचे वेगळेच. हॉस्टेलात माणशी ५ चौरस मीटर जागा, आणि बाईला दिवस गेले तर गर्भपात नाहीतर परतीचं विमान, हा नियम सैल झाला तोच मुळी १९८९ मध्ये. शिफ्ट संपली की खोलीत शिलाई मशीन सुरू, कारण दुकानात बऱ्या जीन्स मिळायच्या नाहीत म्हणून जर्मन लोक यांच्याकडून शिवून घ्यायचे, आणि त्या पैशातून मोपेड, साखर, साबण असं लाकडी खोक्यात ठासून घरी पाठवायचं. नुसतं ते खोकं भरतानाचं दृश्य नीट लिहा, काय आत जातं, काय काढून ठेवावं लागतं, तुमची अर्धी कथा तिथेच उभी राहील.

आता ९ नोव्हेंबर १९८९, बर्लिनची भिंत पडली ती रात्र. बाहेर लोक आनंदाने रडतायत आणि या कामगाराचा करार ज्या देशाशी झालाय तो देशच वर्षभरात पश्चिम जर्मनीत विलीन होऊन नाहीसा होणारे! कारखाने माणसं काढायला लागले, १९९० मध्ये ३००० मार्क (जर्मन चलन) आणि तिकीट हातात ठेवलं, बरेच जण परत गेले. उरलेल्यांपैकी कित्येकांनी फुटपाथवर कपडे, सिगरेटी विकल्या, राहायचा हक्क वर्षानुवर्षं टांगणीला. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉक शहरातल्या लिख्टेनहागेन वस्तीत जमावाने व्हिएतनामी लोकांची इमारत पेटवली, आत १०० हून जास्त माणसं, ती छतावरून निसटली म्हणून वाचली, आणि खाली लोक टाळ्या वाजवत होते. हे वाचून मला अजूनही चीड येते.

एक विनंती, त्याच्या तोंडी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यावरची भाषणं घालू नका, त्याला येणारं जर्मन बहुतेक कारखान्यापुरतंच असणार, तेवढ्यातच त्याला बोलू द्या.

आणि भिंतीच्या रात्रीवर कथा संपवू नका, उलट जुलै १९९० पासून सुरू करून बघा, पश्चिमेचा मार्क पूर्वेत आला तो महिना. दुकानं पश्चिमेच्या जीन्सनी भरली आणि याच्या मशीनचं गिऱ्हाईक गेलं.