परसात उतार आहे, पोहायचा १५ फुटी पूल बसवायचाय. खालच्या बाजूला वाळू टाकून लेव्हल केली तर चालेल का?

नाही चालणार. मी नेमकं हेच करून बसलोय, म्हणून सांगतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. तुमच्यासारखाच १५ फूट व्यासाचा, ४ फूट उंच, पाइपांच्या पायांवर उभा राहणारा पूल आणला. तेवढ्या जागेत उतार १० इंचांचा. खणायचा कंटाळा, म्हणून खालच्या अंगाला वाळूची पोती रिकामी केली, वरून फळी फिरवली आणि रात्री पाणी लावून झोपलो. सकाळी बघतो तर खालचे दोन पाय रुतलेले. पाणी वरच्या बाजूला काठापासून ७ इंच, खालच्या बाजूला ३. मुलं पोहायचे कपडे घालून तयार, आणि मी सगळं पाणी सोडून देतोय.

साडेतीन फूट पाणी म्हणजे या पुलात सुमारे १७,५०० लिटर, साडेसतरा टन वजन. भराव कितीही चोपा, त्याखाली तो दबतोच, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. वर्षानुवर्षं बसलेली मूळ जमीन दबत नाही. म्हणून सगळ्यात खालचा बिंदू धरायचा आणि बाकीची जमीन खणून त्याच्या पातळीला आणायची.

खणण्याआधी काही दिवस ८११ला, म्हणजे जमिनीखालच्या पाइप-केबलच्या जागा दाखवून देणाऱ्या इथल्या सेवेला, फोन करा. फुकट आहे. गॅसच्या पाइपवर पिवळ्या आणि विजेच्या केबलवर लाल रंगाच्या खुणा करून जातात. पुलाचं परमिट आणि कुंपणाचं टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, विचारून घ्या.

पातळीसाठी मी लेझर घ्यायला निघालो होतो. तेव्हा बाबा साताऱ्याहून आलेले. ते म्हणाले, "गवंडी काय लेझर घेऊन फिरतो होय रे?" पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, दिसावं म्हणून त्यात चिमूटभर हळद टाकली. नळीचं एक टोक मधल्या खुंटीला, दुसरं हातात घेऊन गोल फिरायचं. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आमचा पहिला अर्धा तास त्यातच गेला.

दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त धरून १७ फुटांचं वर्तुळ खणलं. माती निघाली साधारण साडेतीन घनयार्ड, म्हणजे एकचाकी गाडीच्या तीसेक फेऱ्या. ती भाजीच्या वाफ्यात गेली. कंबर दोन दिवस गेली ती वेगळीच.

प्रत्येक पायाखाली १६ बाय १६ इंचांची सिमेंटची फरशी जमिनीत बसवा, वरची कड जमिनीच्या बरोबरीत. वाळू हवी तर मधल्या भागात, लायनरखाली (पाणी धरणारं पुलाचं प्लास्टिकचं अस्तर), दोनेक इंच. पायांखाली अजिबात नको, पावसात वाहून जाते. गवत मुळांसकट काढा. त्यातही लव्हाळा दिसला तर त्याचे कंद शोधून उपटा, त्याचं टोक लायनर भोसकून वर येतं. आणि खणलेल्या चढाच्या पायथ्याशी चर काढा, नाहीतर प्रत्येक पावसात वरचं पाणी पुलाखाली शिरेल.

नळ सोडल्यावर मात्र झोपायला जाऊ नका. इंच-दोन इंच पाणी झालं की बंद करा आणि बघा. सगळीकडे सारखं पसरलंय का, की एका कडेला गोळा झालंय? दोन बाजूंत इंचाहून जास्त फरक दिसला तर तेव्हाच उपसा. तेवढं पाणी बादलीने निघतं.