पोटॅशियम नॉर्मल, तरी पायांत गोळे का येतात?

प्रश्न : वडिलांना सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकालीन श्वासविकार) आहे. नेब्युलायझरमधून सालब्युटामॉल (श्वासनलिका मोकळी करणारं औषध), शिवाय प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि पायांच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड चालू आहे. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, खुर्चीतून उठताना मांड्या साथ देत नाहीत. पोटॅशियम ३.६ आलं. नारळपाणी सुरू करू का?

उत्तर : ३.६ हा आकडा मर्यादेत असला तरी काठावरचा आहे. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंत असतं. रक्ततपासणीत ते दिसत नाही. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घालवतं. सालब्युटामॉल पोटॅशियम काही तासांपुरतं रक्तातून पेशींत ढकलतं, म्हणून नेब्युलायझरनंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात आकडा कमी दिसू शकतो. मांड्यांचा अशक्तपणा मात्र दीर्घकाळच्या स्टिरॉइडमुळेही येतो, आणि तो पोटॅशियम देऊन जात नाही.

डॉक्टरांकडे मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासण्याचा आग्रह धराच. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंडं पोटॅशियम धरून ठेवत नाहीत. पोटॅशियम सिरपच्या बाटल्या संपतात, आकडा हलत नाही. मॅग्नेशियमची ही तपासणी फार वेळा राहून जाते.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून क्रिएटिनिन कळेपर्यंत ते सुरू करू नका. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांपैकी रक्तदाब-हृदयाचं एखादं औषध चालू असेल, तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करू नका. धडधड, चक्कर किंवा अचानक हातपाय लुळे पडल्यास त्याच दिवशी ईसीजी काढा.