मासे गरवायचा 7 फुटी स्पिनिंग रॉड घरी बांधतोय. स्पाइन (काठीची ताठ बाजू) शोधून खूण केली आहे. गाइड (दोर ओवायच्या कड्या) किती, कुठे बसवू? आणि दोरा गुंडाळताना फटी पडतात, काय करू?

स्पाइनची खूण पुसून टाका.

माझा पहिला रॉडही 7 फुटीच, पण बेटकास्टर रिळासाठी, म्हणजे गाइड वरच्या अंगाला. ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, वाकवून, फिरवून तासभर स्पाइन शोधला, पेन्सिलीने रेघ मारली. गाइडची अंतरं नेटवरच्या तक्त्यातून उतरवली. तक्त्यात टोकाची सोडून आठ होत्या. पाकिटात सात निघाल्या म्हणून सातच बसवल्या.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत रात्री भरतीला गरवायला गेलो, सोबत मेहुणा. तांबोशी लागली. ती लागली की थेट खडपाकडे धावते, त्यामुळे मीही सोडलं नाही. रॉड पुरता वाकला आणि हातातल्या हातात फिरायला लागला. चौथ्या-पाचव्या गाइडच्या मध्ये ब्रेड (विणलेला दोर) ब्लँकच्या कुशीला घासत खाली उतरला आणि तुटला. टॉर्च मारला तर ब्लँकच्या रंगावर चर पडलेली. मेहुण्याने तिथल्या तिथे निकाल दिला, “भावोजी, स्पाइन चुकला तुमचा.” तेव्हापासून दर गणपतीत, आरती संपून प्रसाद वाटायच्या आत, हे वाक्य मला ऐकावं लागतं.

स्पाइन चुकला नव्हता. मी सगळा दोरा ब्लेडने कापून काढला, त्याच ब्लँकवर त्याच रेघेवर नऊ गाइड सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी तात्पुरत्या अडकवल्या, रीळ लावलं, दोर त्यांतून ओवून दोन लिटरच्या भरलेल्या बाटलीला बांधला आणि रॉड उचलला. दोर ब्लँकला जिथे टेकतो तिथल्या गाइड जवळ सरकवायच्या, परत उचलायचं. रात्री अकरापर्यंत हेच. शेवटी दोर कुठेच टेकला नाही. टोकाकडे अंतरं कमी आणि हँडलकडे वाढत गेलेली, पण तक्त्याशी एकही आकडा जुळेना. तक्ता सुरुवातीपुरता घ्या, पुढचं ब्लँक सांगतो. आणि गाइड वर असल्या की भाराखाली रॉड फिरायला बघतोच, कारण दोराच्या ओढीला खाली यायचं असतं. स्पाइन कुठल्याही बाजूला असो.

खात्री म्हणून मेहुण्याला पुढच्या वर्षी एक रॉड बांधून दिला, गाइड मुद्दाम स्पाइनच्या आडव्या बाजूला. दोन हंगाम झाले, “याचा स्पाइन कसा अचूक लागलाय” असं तो येईल त्याला सांगतो.

आता प्रश्न परत वाचला. तुमचा स्पिनिंग आहे. मग वरचं घासण्याचं प्रकरण तुम्हाला लागू नाही, कारण गाइड खाली असतात आणि दोर ब्लँकपासून लांबच ओढला जातो. बाटलीची परीक्षा तरीही घ्या. गाइड कमी पडल्या तर दोर दोन गाइडमध्ये सरळ धावतो, ब्लँकची कमान आणि त्याच्यात मोठी पोकळी दिसते आणि भार एकेका जागी साठतो. टोकाची सोडून आठ धरा. पहिली मोठी आणि उंच हवी, रिळातून सुटणारे वेढे तिने आवरायचे असतात. रिळाच्या दांड्याची रेषा पुढे वाढवा, ती ब्लँकला जिथे भेटते तिथून लहान गाइडची रांग सुरू करा. मग मैदानात फेकून बघा आणि पहिली गाइड थोडी मागेपुढे करा.

फटींचं म्हणाल तर दोष बहुतेक वेळा दोऱ्याचा नसतो. गाइडच्या पायाचं टोक बोथट राहिलं की दोरा तिथे चढताना उडी मारतो. कानशीने टोक पात्यासारखं पातळ करा. दोरा पायाच्या थोडा अलीकडे, ब्लँकवरच सुरू करा. दोऱ्याचं रीळ वाटीत ठेवा आणि दोरा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांतून ओढा, ताण सारखा राहतो. राहिलेल्या फटी पेनच्या टोपणाने घासून मिटतात. शेवटचे सात-आठ वेढे वेगळ्या दोऱ्याच्या फासावरून घ्या, टोक फासात घालून आत ओढून घ्या.

गुंडाळलेल्या दोऱ्यावर लावायच्या इपॉक्सीचे दोन भाग समान मापाने, दोन वेगळ्या सिरिंजनी. जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर रॉड फिरवायला पुरते. रात्रभर फिरू दे, नाहीतर ओघळ येतात. फक्त कोकणातल्या पावसाळ्यात हे करू नका. दमट हवेत वर तेलकट, पांढरट थर येतो. मेहुण्याच्या रॉडवर मी ऐन ऑगस्टमध्ये लावलं होतं. तो पांढरेपणा त्याला मॅट फिनिश वाटतो.