रेंजवर लागतो, कोर्सवर का लागत नाही?

प्रश्न : मी ५३ वर्षांची आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गेल्या दिवाळीपासून गोल्फ शिकतेय. रेंजवर, म्हणजे चटईवरून नुसते फटके मारायच्या सरावाच्या मैदानावर, आठवड्यातून एकदा सरांकडे जाते. तिथं सात नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब) छान लागतं, पण येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर उतरले की सगळं बिघडतं. मागच्या राउंडला १२१ फटके झाले. सर म्हणतात, रेंज आता पुरे, नऊ होल माझ्यासोबत चला. त्याची फी रेंजवरच्या चार धड्यांएवढी आहे. एवढे पैसे घालावेत का? शिवाय माझ्यामुळे मागचे लोक खोळंबतात, त्याचं दडपण येतं ते वेगळंच.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, जरूर जा. मी अकरा वर्षं कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा, होतो, त्यानंतर शिकवायला लागलो. खांद्यावर बॅग घेऊन शेकडो लोकांच्या मागून चाललोय, म्हणून खात्रीने सांगतो : १२१ मारणाऱ्या माणसाचे निम्मे फटके हातामुळे जात नाहीत, फटका मारायच्या आधी काय ठरवलं त्यामुळे जातात. आणि रेंजवर ठरवायला काही नसतंच. चटई सपाट, बॉल दर वेळी त्याच जागी, चुकला तर बादलीत आणखी चाळीस शिल्लक.

कोर्सवर बॉल पायांपेक्षा उंचावर असला की तुमच्यासारख्या उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे जातो, पायांपेक्षा खाली असला की उजवीकडे. चढावरून मारला की बॉल उंच उडतो आणि अलीकडेच पडतो, म्हणून तिथं एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारा, घ्यावा लागतो. हे तोंडी सांगून कळत नाही. त्या उतारावर उभं राहून, पाय रोवून, दोनदा चुकून मगच कळतं.

एक उदाहरण देतो, कारण अशा ठिकाणी मी फार लोकांना हरताना पाहिलंय. समजा ३३० यार्डांचा पार फोर, म्हणजे चार फटक्यांत संपायला हवा असा होल, आहे. तुमचा पहिला फटका १५० गेला, राहिले १८०. पुढे ११० ते १२५ यार्डांवर नाला. पिशवीत हायब्रिड (लांब फटक्याचा क्लब) आहे, तो नीट लागला तर हवेतून १३० जातो. पण नीट लागतो पाचात एकदा. तरी हात हायब्रिडकडेच जातो! बॉल नाल्यात. दोन फटके झाले, एक दंडाचा, चौथा पुन्हा नाल्याच्या अलीकडूनच. असा होल आठ किंवा नऊवर संपतो. त्याऐवजी नऊ नंबरच्या आयर्नने ८० मारा. उरले १००, नाला फक्त तीस यार्डांपुढे, आणि १०० यार्ड म्हणजे तुमचं लाडकं सात नंबर. तीन फटक्यांत ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) किंवा ग्रीनच्या काठाशी, मग दोन-तीन पट, म्हणजे बॉल होलकडे घरंगळवणारे फटके. पाच-सहावर होल पुरा. स्विंग तोच, हात तेच, तीन फटके वाचले.

म्हणून त्या नऊ होलांत सरांना स्विंग दुरुस्त करू देऊ नका. ते काम रेंजवरच होऊ द्या. तुम्ही एवढंच करा : प्रत्येक फटक्याआधी मोठ्याने सांगा, बॉल कुठे पाठवणार, कोणत्या क्लबने आणि चुकला तर कुठे गेलेला चालेल. सरांनी आधी ऐकायचं, मग बोलायचं. त्यांचं मत वेगळं पडलं तर दोन बॉल मारा, एक तुमच्या मनाचा, एक त्यांच्या. मग दोन्हींपाशी चालत जा आणि बघा.

मी विशीत असताना एका जुन्या प्रोंनी (व्यावसायिक खेळाडूंनी) मला असंच कोर्सवर फिरवलं होतं. तिसऱ्या होलला माझा बॉल बाभळीखाली गेला. फांद्यांमधून हातभर फट दिसत होती आणि मी लाकूड, म्हणजे लांब मारायचा वुड क्लब, काढलं. ते एवढंच म्हणाले, “दहा बॉल टाक.” दहापैकी एक बाहेर गेला. मग वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) दिला आणि आडव्या बाजूने फेअरवेवर, म्हणजे मधल्या मोकळ्या पट्ट्यावर, काढायला लावलं. दहाच्या दहा बाहेर. एक शब्दही जास्त बोलले नाहीत. आजही झाडाखाली गेलो की ते दहा बॉल डोळ्यांसमोर येतात. कुठल्याही रेंजवर मला हे मिळालं नसतं.

जाण्याआधी एक राउंड नुसता लिहून काढा. प्रत्येक होलवर पट किती, दंड किती, क्लब बॉलच्या डोक्यावर लागून बॉल सरपटला किती वेळा. तो कागद सरांना आदल्या दिवशी द्या. तुमच्या १२१ मध्ये पट पंचेचाळीस निघाले तर नऊ होलांतला बराच वेळ ग्रीनवर आणि ग्रीनच्या आसपास जायला हवा, टीवर (होलच्या पहिल्या फटक्याच्या जागी) नाही.

आता दडपणाचं. बायकांकडून हे मी फार ऐकतो आणि मला वाईट वाटतं, कारण कोर्स अडवणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात. फटक्याला ४० सेकंद पुरेत असं नियमांचं पुस्तक सांगतं. बॉल शोधायला २०१९ पासून तीन मिनिटं आहेत, आधी पाच होती. तुम्ही चालता चालता क्लब ठरवलात तर या वेळात आरामात बसाल. धड्यासाठी मात्र शनिवार-रविवारची सकाळ नको. आठवड्यातली दुपार घ्या. दोन-दोन बॉल मारायचे तर मागे ग्रुप नसलेला बरा, आणि आलाच तर त्यांना पुढे जाऊ द्या. क्लबच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा. सरांची ग्रीन फी आणि कॅडीचे पैसे कोण देणार, तेही फोनवरच ठरवा. तिथं जाऊन संकोच नको.

हा राउंड स्पर्धेचा नाही, हे लक्षात असू द्या. स्पर्धेत खेळताना सल्ला घ्यायचा तो आपल्या कॅडीचा किंवा जोडीने खेळत असाल तर जोडीदाराचा. दुसऱ्या कुणाला “कोणता क्लब घेऊ?” विचारलं तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत, दोन फटक्यांचा दंड आहे. शिकवणी घेत खेळलेला स्कोअर हँडिकॅपसाठीही (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) धरत नाहीत. त्यामुळे आकडा मोजूच नका, बॉल फार अडकला तर उचला आणि पुढच्या टीवर चला.

एक गोष्ट माझ्या मनातली. नेहमीचा कॅडी त्या दिवशी सोबत घ्या आणि त्याला बॅगेपाशी लांब उभं करू नका, तुमच्या दोघांजवळ बोलवा. तुमचा हायब्रिड किती जातो, नाल्यापाशी काय ठरलं, हे त्यालाही ऐकू द्या. पुढच्या रविवारी सर सोबत नसतील. त्याच नाल्यापाशी तुमचा हात हायब्रिडकडे गेला की नऊ नंबर पुढे करणारा तोच असेल, आणि त्याचा सल्ला नियमातही बसतो.