मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात रानातली अळंबी मिळते का? खायची कुठली हे कसं ओळखायचं?

मे मध्ये नाही मिळणार. आपल्याकडे उन्हाळ्यात रानात करवंदं, जांभळं शोधायची, अळंबी येते पाऊस चांगला मुरल्यावर, जुलैपासून गणपतीपर्यंत. चवीची अळंबी वारुळावर उगवते, वाळवी आत बुरशीची शेती करते आणि त्याच बुरशीच्या या छत्र्या वर येतात, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. देठाशी हळूच माती उकरून बघा, मुळासारखा लांब खाली वारुळात गेलेला असतो, छत्रीच्या मधोमध टोक असतं आणि बुडाशी पिशवीसारखं काही नसतं. पिशवी दिसली तर तिथेच सोडा.

लसूण नाहीतर चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघतात ना, ते साफ चुकीचं आहे, प्लीज त्यावर विसंबू नका. काही अळंबीत अमॅटॉक्सिन नावाचं विष असतं, ते शिजवून जात नाही, त्रास साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतो, मग मध्येच बरं वाटतं आणि आतून लिव्हर खराब होत असतं, म्हणून उलट्या थांबल्या तरी हॉस्पिटलला जायचंच, उरलेली अळंबी सोबत घेऊन. अंगणातल्या गवतात मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात, खालून नंतर हिरवट होतात, त्याही विषारी.

फोटोवरून ठरवू नका. गावातली जी काकी दरवर्षी ठरलेल्या वारुळावरची काढते तिच्यासोबत जा, आणलेली तिला दाखवा, त्याच दिवशी वाटण लावून नीट शिजवा. वारूळ मात्र फोडू नका, तिथेच परत येते.