ज्यूसरमधला चोथा आणि पिंजऱ्यातले पक्षी

उन्हाळा लागला की घरोघरी ज्यूसर बाहेर निघतो आणि त्यामागोमाग चोथ्याचे प्रश्न येतात. दरवर्षी तेच, म्हणून इथे एकत्र उत्तरं.

गाजर-बीटचा चोथा बजरीगरला चालेल का? (परभणी)

चालेल. एका पक्ष्याला चहाचा अर्धा चमचा, कॉकटेलला (म्हणजे कॉकाटील, डोक्यावर तुरा असलेला पोपट) एक ते दीड, आठवड्यातून तीन-चार दिवस. मीठ, साखर, लिंबू, आलं काही पडण्याआधी काढून ठेवलेलाच द्या. गाजराच्या चोथ्यात कॅरोटीन (ज्यापासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनतं) बरंच उरतं. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढलेल्या पक्ष्याला 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं, त्याला याचा उपयोग होतो. पण चोथा म्हणजे जेवण नव्हे. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला अख्खा दिलात तर जास्त बरं. (दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळतात ते छोटे रंगीत पोपट बहुधा बजरीगरच असतात. प्रमाण तेच.)

ज्यूस सेंटरवाले मोसंबीचा चोथा फुकट देतात. आणू का? (जालना)

नको. त्यात बिया आणि सालीचं कडू तेल असतं, वर काळं मीठ आणि साखरपाक. शिवाय तो सकाळपासून टोपलीत पडलेला. घरी मोसंबी सोलून, बी काढून एक फोड द्या.

बीटचा चोथा खाल्ल्यावर विष्ठा लाल झाली. दुकानदाराने पाण्यात घालायला पिवळी पावडर दिली. (नांदेड)

बीटचा रंग आहे. एक दिवस बीट बंद ठेवा आणि पिंजऱ्याखाली पांढरा कागद अंथरा. दुसऱ्या दिवशी विष्ठा नेहमीसारखी झाली तर विषय संपला. लालच राहिली किंवा डांबरासारखी काळी आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा पावडरी बहुतेक वेळा अँटिबायोटिक असतात. पाणी कडू लागतं म्हणून पक्षी ते पीत नाही, औषध अर्धवट पोटात जातं आणि जे जातं तेही नेमकं कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नसतं. पावडर परत करा.

चोथा सकाळी ठेवला, संध्याकाळपर्यंत वाटीतच होता. आता कॉकटेल फुगून बसतो, मान झटकून उलट्या करतो. शेजारी म्हणतात ओव्याचं पाणी पाजा. तीन दिवस झाले. (लातूर)

तीन दिवस का थांबलात?

ज्यूसरमध्ये भाजीचा बारीक कीस होतो, त्यातला गोडवा उघडा पडतो आणि ओल राहतेच. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उकाड्यात चोथा दीड-दोन तासांत आंबू लागतो, वास यायच्याही आधी. असा चोथा गळ्याखालच्या अन्नपिशवीत गेला की तिथल्या उबेत यीस्ट (एक बुरशी) आणि जंतू वाढतात, पिशवी रिकामी होत नाही आणि पक्षी उलट्या करतो. पक्षी कधीकधी जोडीदाराला किंवा आरशाला भरवायला दाणे वर काढतो, ते वेगळं. त्यात मान वरखाली डोलते आणि दाणे नीट एका जागी पडतात. आजाराच्या उलटीत मान झटकली जाते, दाणे गजांना चिकटतात, डोक्यावरची पिसं चिकट होतात, तोंडाला आंबूस वास येतो.

ओव्याचं पाणी ड्रॉपरने पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाचा आजार जडतो. अँटिबायोटिकही मनाने नको, यीस्ट असेल तर त्याने उलट वाढते. अन्नपिशवीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच औषध ठरतं. पक्ष्याचं वजन जेमतेम 80 ते 100 ग्रॅम. त्यातले 10 ग्रॅम कमी झाले तरी ते गंभीर. पक्षी आजार लपवतो, फुगून बसलेला दिसतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. आजच निघा. ताज्या विष्ठेचा कागद सोबत घ्या. जवळ पक्षी पाहणारा डॉक्टर नसेल तर उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

पुढच्या वेळी वाटी तासाभरात काढा, एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात. वाटी रोज गरम पाण्याने धुवा, पिंजऱ्याच्या तळाला सांडलेलं पुसून घ्या. चोथा जास्त झाला तर लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये छोटे भाग करून गोठवा. फ्रिजमध्येच वितळवा, गारवा गेल्यावर द्या, उरलेला पुन्हा गोठवू नका.

सीताफळाचा गर? (बीड)

बिया एकूण एक काढून, थोडा. बिया विषारी आहेत.

अ‍ॅव्होकॅडोचा चोथा? (छत्रपती संभाजीनगर)

अजिबात नाही. खाल्ला असेल तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरकडे.

कलिंगडाचा चोथा दिला की पाणीच पाणी होतं. जुलाब आहे का? (धाराशिव)

हिरवा भाग घट्ट आणि भोवती फक्त पाणी असेल तर जादा लघवी आहे, कलिंगड बंद केल्यावर काही तासांत थांबते. हिरवा भागच पातळ असेल तर जुलाब, तो दाखवा.

घरच्या राघूला काय द्यावं? (हिंगोली)

देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आधी वनविभागाशी बोला. मनानेच सोडूनही देऊ नका, माणसाळलेला राघू बाहेर तगत नाही.