सबुरी म्हणजे नेमके किती दिवस?

प्रश्न: ताई, जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, त्यात माझे मिस्टर सापडले. आधी दोन दिवस जुलाब, आठवड्याभराने पाय लटपटायला लागले आणि चौथ्या दिवशी ते व्हेंटिलेटरवर. तिथे एकवीस दिवस काढले. आता नऊ महिने झाले. वॉकर धरून घरात चालतात, पण उजवं पाऊल उचलत नाही, फरफटतं. ते टेम्पो चालवायचे. महिना झाला, व्यायामाला बसत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. सासूबाई विटेने पाय शेकतात. मी सोमवार, गुरुवार आणि संकष्टी धरते. गुरुवारी पाणीही घेत नाही. नऊ किलोंनी उतरले आहे. आमच्याकडे साईबाबांची तसबीर आहे, खाली ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ लिहिलंय. परवा दिवा लावताना मनात आलं, सबुरी म्हणजे नेमके किती दिवस? असं विचारणं पाप आहे का?
– एक भगिनी, किरकटवाडी

उत्तर: पाप कसलं हो! मीही हेच विचारलं होतं, आणि तेही मोठ्याने, आईच्या अंगावर ओरडून. १९९७ च्या पावसाळ्यात सांगलीत मला हाच आजार झाला. तेव्हा मी एकतीस वर्षांची, शाळेत शिकवत होते. फळ्यावर लिहिताना हातातला खडू गळून पडला आणि वाकून उचलायला गेले तर बोटं मिटेनात. पुढची दीड वर्षं त्या खडूपर्यंत परत पोचण्यात गेली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मोजता येतं, म्हणून आधी तेच सांगते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता आपल्याच नसांवर उलटते. नसेवरचं आवरण तेवढं गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं. आतला धागाच तुटला असेल तर तो नव्याने वाढावा लागतो, आणि त्याची चाल दिवसाला साधारण एक मिलिमीटर. शिवणाची टेप घ्या आणि त्यांच्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत धरा. चाळीस सेंटिमीटर भरले तर चारशे दिवस लागणार, आणि पायाची नस तर त्याच्याही वरून, कमरेतून निघते. म्हणून नऊ महिन्यांत पाऊल उठलं नाही याचा अर्थ ते उठणारच नाही असा होत नाही. नस कुठे आणि किती दुखावली आहे ते नसांच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये असतं. पुढच्या वेळी तो घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा, आवरण की धागा? मला हे कळलं त्या रात्री आजारी पडल्यापासून पहिल्यांदा सलग झोप लागली. बरी झाले नव्हते, पण उशीर माझ्या आळसामुळे किंवा कमी भक्तीमुळे होत नाहीये, एवढं कळलं होतं. सगळंच परत येतं असंही नाही. माझ्या डाव्या पायाची बोटं आजही पुरती वर होत नाहीत. पण मी चालते, जिने चढते, निवृत्त होईपर्यंत उभी राहून शिकवलं.

आता उपासाबद्दल. तुम्ही बाबांच्या भक्त आहात, म्हणून त्यांच्याच चरित्रातलं सांगते. राधाबाई देशमुख नावाच्या म्हाताऱ्या बाई बाबांकडून मंत्र मिळावा म्हणून अन्नपाणी सोडून बसल्या होत्या. तेव्हा बाबांनी त्यांना जवळ बसवून आपल्या गुरूची गोष्ट सांगितली. गुरूने दक्षिणा म्हणून दोनच पैसे मागितले, एक निष्ठा आणि दुसरा सबुरी. तुमच्या तसबिरीखालची सबुरी ही अशी, उपाशी बसलेल्या बाईला उठवताना सांगितलेली आहे. गोखलेबाई तीन दिवसांचा उपास करायचा म्हणून शिरडीला आल्या, तर बाबांनी त्यांना दादा केळकरांच्या घरी जाऊन पुरणपोळ्या करायला, मुलांना वाढायला आणि स्वतः खायला सांगितलं. ताई, नऊ किलो उतरलेल्या अंगाने एका मोठ्या माणसाला तुम्ही दिवसातून किती वेळा उठवता? उद्या तुमची कंबर गेली तर त्यांना कोण धरणार? निर्जळी आजपासून बंद करा. हे मी हात जोडून सांगते आहे.

विटेचा शेकही थांबवा. त्यांच्या पायाला ऊन-गार नीट कळत नसणार. माझ्या मावशीने प्रेमानेच गरम पिशवी ठेवली होती. सकाळी पायावर लिंबाएवढा फोड होता आणि मला पत्ताच नव्हता. सासूबाईंना दुखवू नका, कोमट तेल हलक्या हाताने लावायचं काम त्यांच्याकडे द्या. पाऊल वर धरणारी पट्टी मिळते, ती फिजिओथेरपिस्टकडून मापाची घ्या, आणि रोज रात्री पट्टी काढल्यावर कातडी कुठे लाल झाली आहे का ते बघा.

आणि भिंतीकडे वळलेलं ते तोंड. मला त्याचीच सर्वांत काळजी वाटते. हा हट्ट नाही, मन खचलंय. डॉक्टरांना हे वेगळं सांगा, मनाचा डॉक्टर लागला तर संकोच करू नका. शिवाय दमणूक या आजारात खरीच असते, बाहेरून दिसत नाही म्हणून घरचे ‘जरा जोर लावा’ म्हणत राहतात. माझ्या फिजिओथेरपिस्टबाईंचा नियम होता की दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटलं, तर काल व्यायाम जास्त झाला. तो कमी करायचा, पण बंद नाही.

माझ्या आईने मला व्यायाम असा शब्दच कधी वापरला नाही. ती ताट पुढे ठेवायची, ‘एवढं निवडून दे गं.’ सुरुवातीला वाल होते. दोन बोटांत एक वाल धरायला मला सतरा दिवस लागले, आणि तो वाटीत पडल्याचा टण् आवाज आला तेव्हा ती चूल सोडून बाहेर आली होती. मग चवळी, मग मूग. मोहरीपर्यंत पोचले तोवर दुसरा पावसाळा आला होता. पाय तेव्हाही नीट नव्हते, पण घरात माझं एक काम होतं आणि माझ्यावाचून ते अडत होतं.

येत्या गुरुवारी पुरणाचा घाट घाला. हरभऱ्याची डाळ ताटात घेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवा, उशी लावून टेकवून बसवा आणि खडे निवडून मागा. अर्धी वाटी झाली तरी चालेल. पोळी दोघांनी एकाच वेळी खा.